सुई उचलायची नाही

डेपोत तिला सगळे कप्तान म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण का पाडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवा ड्रायव्हर बसला हिसके देऊ लागला की जुने लोक त्याला सांगत, "एकदा कप्तानच्या गाडीत दांडी न धरता उभा राहून ये. मग आपण बोलू." तिच्या गाडीत म्हातारी माणसं उभ्या उभ्या चष्मा पुसत. इतक्या वर्षांत रस्त्यावर तिच्या हातून कुणाचा आरसासुद्धा फुटला नव्हता. आणि अशी ही बाई पडली ती घरातल्या घरात, स्टुलावरून.

बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बाबांचं सलून होतं आणि सलूनच्या कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर होता. आयुष्यभर त्यांनी वेळ मोजला तो गाण्यांत. दाढी म्हणजे दोन गाणी, केस म्हणजे रेकॉर्डची एक बाजू आणि लग्नाला उभा राहिलेला नवरा म्हणजे अख्खा अल्बम. हात कापायला लागले तेव्हा त्यांनी सलून बंद केलं. खुर्च्या विकल्या, आरसे ओळखीच्यांत वाटून टाकले. प्लेअर घरी बाहेरच्या खोलीत आणला आणि खोलीत मावेनात ते रेकॉर्डींचे खोके माळ्यावर चढवले. ते गेल्यावर घर इतकं गप्प झालं की नळाखाली भांडं ठेवल्याचा आवाजही कप्तानला मोठा वाटू लागला. म्हणून एका सुट्टीच्या दुपारी ती माळ्यावरचे खोके काढायला स्टुलावर चढली. खोका हातात आला आणि स्टूल पायाखालून गेलं. खोका सोडला असता तर कपाटाला धरता आलं असतं. तिनं खोका सोडला नाही.

उजव्या पायाची नडगी मोडली, घोटाही गेला. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "एकाही रेकॉर्डवर ओरखडा नाही बरं का. हिच्या बाबांनी वरून झेललंन्, पण काय झेलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं."

पायात सळी घातली, स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, "चालाल तुम्ही. वेळ लागेल, पण चालाल."

"आणि ब्रेक?" कप्तानने विचारलं.

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "बघू."

तिला पक्कं माहीत होतं पुढे काय असतं ते. पाय मोडलेल्या ड्रायव्हरची डेपोत ब्रेकची परीक्षा होते. पास झाला तर स्टिअरिंग, नाही तर चौकशीची खिडकी. खिडकीत बसून दिवसभर लोकांना सांगायचं, दुसऱ्यांच्या गाड्या कधी येतील. पगारात फरक नाही, मानात आहे. दवाखान्यातल्या पलंगावर पडल्या पडल्या तिनं ठरवलं की त्या खिडकीत बसायचं नाही. ठरवणं सोपं होतं, पाय अजून उशीवर होता.

घरी आणलं तेव्हा पलंग बाहेरच्या खोलीत टाकला होता, भिंतीला लागून, आणि समोरच्या भिंतीशी प्लेअर. मध्ये चार पावलांचं अंतर असेल नसेल. त्या दिवसांत ते दुसऱ्या गावाइतकं लांब वाटायचं.

बाबांच्या रेकॉर्डींना घरात स्वतःची नावं होती, कव्हरवरून पडलेली. "टोपीवाला", ज्याच्या कव्हरवर डोळ्यांवर टोपी ओढून एक माणूस झोपला होता. "निळी", जिच्यात नुसती व्हायोलिनं. "मोठ्या बाई", कारण गाणारी बाई कव्हरमध्ये मावली नव्हती, तिचा एक खांदा बाहेर गेला होता. आणि "मुकी", जिच्यात कुणीच गात नाही, एक पियानो आणि एक ड्रम आपापसांत काहीतरी बोलत राहतात. कुठली रेकॉर्ड कुणाची, किती जुनी, याच्याशी या घराला कर्तव्य नव्हतं. "जरा मोठ्या बाईंना बोलवा," असं बाबा म्हणत.

नियम मात्र दोन होते. ज्यानं रेकॉर्ड लावली त्यानंच ती उलटायची. आणि मध्येच सुई उचलायची नाही. "अर्धी दाढी करून गिऱ्हाइकाला उठवतात का?" बाबा विचारत. एकदा सलूनमध्ये कुणी पाहुणे आले आणि बोलणं ऐकू येईना म्हणून त्यांनी स्वतःच सुई उचलली, तर बाबांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. कायमचं नाही, बाजू संपायची होती तेवढं.

पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "कोण हवंय?"

"टोपीवाला."

आईनं रेकॉर्ड लावली आणि आत गेली. कप्तान डोळे मिटून पडून राहिली. तिचा पाय त्या दिवसांत तिचा राहिलेला नव्हता. सकाळी बोटं हलत, दुपारी हलेनाशी होत. काल उतरलेली सूज आज परत आलेली असे. डॉक्टर बघू म्हणत, डेपोतून ज्याचा फोन येई तो माणूसही बघू म्हणे. या सगळ्यात तिसऱ्या गाण्यानंतर चौथंच लागत होतं. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या शांततेत पुढचा पहिला सूर तिला आधीच ऐकू यायचा, आणि मग तो खरोखर यायचा. दिलेला शब्द पाळणारं असं तिच्या आसपास तेव्हा दुसरं काही नव्हतं.

पहिले काही आठवडे लावणारी आई, म्हणून उलटणारीही आईच. मग वॉकर आला. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली, ती गोड बोलून जीव काढायची. तिनं कप्तानला वॉकर धरून उभं राहायला शिकवलं, दोन पावलं टाकायला शिकवलं, आणि दुसऱ्याच दिवशी आईनं फर्मान काढलं.

"आता तुझी तू लाव."

"आई, अगं मला चालता कुठे येतंय?"

"दोन पावलं येतात ना? मग दोनदा टाक."

कप्तानने रेकॉर्ड लावली. घामानं पाठ भिजली, पण लावली, आणि पलंगावर येऊन पडली. बाजू संपेपर्यंत तिला धाप पुरली. मग सुई शेवटच्या रेघेत जाऊन अडकली आणि खर्र-खट, खर्र-खट सुरू झालं.

"आई, उलट ना गं जरा."

"लावली कुणी?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मी."

"मग?"

खर्र-खट चालू राहिलं. कप्तान मनात आईला काय वाटेल ते बोलली. शेवटी आवाज सहन होईना म्हणून उठली. वॉकर पुढे, डावा पाय, मग तो दुसरा. प्लेअरपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की रेकॉर्ड उलटायला दोन्ही हात लागतात, कडेकडेनं धरायला, आणि दोन्ही हात वॉकर सोडल्याशिवाय मोकळे होत नाहीत. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. रेकॉर्ड उचलली, उलटली, ठेवली, सुई टेकवली, आणि मग घाईनं वॉकर पकडला. तेवढा वेळ ती दोन पायांवर, कशालाही न धरता उभी होती.

स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचा कप घेऊन उभी होती. चहावर साय धरली होती. "बाजू दुसरी जास्त चांगली आहे," एवढंच म्हणून ती आत गेली.

यानंतर कप्तानचे दिवस बाजूंनी पुढे सरकू लागले. फिजिओ म्हणायची, "दिवसातून इतक्या वेळा उठायचं," आणि आई म्हणायची, "ते तुझं तुझ्याजवळ ठेव बाई, इथे मोठ्या बाई उठवतात." मोठ्या बाईंच्या बाजू छोट्या होत्या, त्यामुळे त्या सगळ्यात कडक. निळीच्या लांबलचक. पाय ठणकत असला की कप्तान निळी लावायची आणि आई लगेच ओळखायची. "आज कामचुकारपणा दिसतोय."

वॉकर गेला, काठी आली. आणि मग एक दिवस कंडक्टर आला. हा तिच्या गाडीवरचा कायमचा कंडक्टर, काडीसारखा बारीक, तोंड मात्र दोन माणसांचं. काखेत काहीतरी जड पोत्यात गुंडाळलेलं होतं.

"कप्तान, तुझ्यासाठी फुलं आणणार होतो, पण दुकानात हे मिळालं." त्यानं पोतं सोडलं. भंगारात गेलेल्या बसचं ब्रेकचं पेडल होतं, जाड फळीवर ठोकलेलं, मागे भलीमोठी स्प्रिंग. वर्कशॉपमधल्या लोकांनी बनवून दिलं होतं. "खऱ्यापेक्षा थोडं कडकच ठेवलंय म्हणाले. हे दाबलंस तर ते लोण्यासारखं जाईल."

आई बघत राहिली. "आता घरात फक्त बस यायची राहिली."

"काकू, दार रुंद करून घ्या, तीही आणतो."

"तुझ्या गाडीवर कोण आहे रे?" कप्तानने विचारलं. तिला विचारायचं होतं, माझ्या जागेवर कोण आहे.

त्याला कळलं. "आहे एक. उंट आहे नुसता. ब्रेक मारतो तेव्हा माझी तिकिटं पुढच्या दाराशी आणि मी मागच्या. लवकर ये बाई."

पेडल खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवलं. पहिल्या दिवशी ते जागचं हललं नाही. कप्तानने मुकी लावली, कारण मुकीत ड्रम होता, आणि प्रत्येक ठोक्याला पायाचं बोट नुसतं टेकवलं. काही दिवसांनी टेकवण्याचं दाबणं झालं. मग स्प्रिंग कुरकुरली. मग एक दिवस पेडल तळाला लागलं आणि फळीतून असा आवाज आला की शेजारच्या बाई बघायला आल्या.

तिथून तिला चटकच लागली. ड्रम वाजायचा आणि पाय पडायचा, ड्रम आणि पाय, जणू दोघांचा करार झाला होता. मुकीच्या शेवटच्या तुकड्यात ड्रम एकदम गप्प होतो, बराच वेळ काही नाही, आणि मग एकच ठोका येतो; कप्तानचा पाय नेमक्या त्या क्षणी खाली जायचा. फिजिओनं हे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. "पाय तर आता माझ्यापेक्षा फास्ट आहे तुमचा." डॉक्टरांनी फोटो काढून हाड बघितलं आणि कागदावर सही केली. आता ते बघू म्हणाले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी आईनं इस्त्री केलेला युनिफॉर्म खुर्चीवर ठेवला. कप्तान काठी घरी ठेवून निघाली.

परीक्षा डेपोच्या मागच्या मोकळ्या पटांगणात होती. एक जुनी बस, आणि ट्रेनिंगचे साहेब. साहेब स्वतः जुने ड्रायव्हर, पोट सुटलेले, बोलायला मऊ. पद्धत अशी होती: गाडी ठरलेल्या वेगात न्यायची. साहेब पुढच्या दारात बसणार, एका हातात चुन्याची पुरचुंडी दाराबाहेर धरून. मनात येईल तेव्हा ते दुसऱ्या हातानं पत्र्यावर थाप मारणार आणि त्याच क्षणी पुरचुंडी सोडणार. गाडी थांबली की जमिनीवरच्या पांढऱ्या डागापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी धरायची. दोरी पुरली तर पास.

कप्तान सीटवर बसली. तिनं गाडी सुरू केली. आवाज, थरथर, सगळं ओळखीचं. तिनं वेग घेतला. मन शांत राहावं म्हणून ती मनातल्या मनात मुकी वाजवत होती.

थाप पडली. पाय गेला. गाडी थांबली.

साहेब उतरले, दोरी धरली आणि हसत वर आले. "या, या, बघा. पास आहात कप्तान. अभिनंदन."

कप्तान उतरून दोरीपाशी गेली. चाकाच्या पुढे दोरी हातभर उरली होती. पूर्वी एकदा, सहज गंमत म्हणून, तिनं ही परीक्षा देऊन पाहिली होती. तेव्हा एवढी दोरी उरली होती की साहेबांनी ती खांद्यावर गुंडाळली होती. ती त्या हातभर दोरीकडे बघत उभी राहिली. पायात जोर होता. पेडल तळापर्यंत गेलं होतं. मग गेलं कुठे उरलेलं?

आणि मग तिला कळलं. पायानं वाट पाहिली होती. साहेबांची थाप पडली ती दोन ठोक्यांच्या मध्ये, आणि पाय पुढच्या ठोक्यासाठी थांबला होता. क्षणभरच, डोळ्याचं पातं लवेल एवढंच. इतके महिने ती समजत होती की पाय झटपट झालाय. पाय झटपट नव्हताच, पाय पाठांतर करत होता. मुकीतला एकही ठोका तिला न सांगता आलेला नव्हता. रस्त्यावर कुणी सांगून येत नाही.

"साहेब," ती म्हणाली, "पास लिहू नका."

"काय?"

"पाय उशिरा गेला."

"अहो, दोरी म्हणतेय पास, मी म्हणतोय पास. तुम्ही कुठल्या बाजूच्या आहात?"

"गाडी रिकामी होती. भरलेली असती आणि रस्ता ओला असता, तर ही हातभर दोरी कुठे गेली असती ते तुम्हालाही माहितीये."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "हे बघा, तुमची जागा मी कितीही दिवस राखून ठेवू शकत नाही. एकच संधी उरते पुढे. त्यात काही झालं तर सरळ खिडकी. आज घेऊन टाका. चार दिवस गाडी चालवलीत की आपोआप येतो हात. पायही येतो."

"ते चार दिवस गाडीत कोण बसणार साहेब?"

साहेबांनी दोरी गुंडाळायला घेतली. "लोक माझ्याकडे पास करा म्हणून येतात," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात या."

घरी येईपर्यंत तिचा ताठा टिकला. दारात आई उभी होती. कप्तानने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता आपण काय सोडून आलो ते तिला पहिल्यांदा नीट दिसलं. हातात आलेली गाडी होती. ती पलंगावर बसली.

आई तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "म्हणजे ते पास म्हणाले आणि तू नको म्हणालीस."

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"साहेबच होते फक्त."

"अरेरे," आई म्हणाली. "चार माणसं तरी हवी होती."

लोक नापास झाले की लपवतात. आई मिरवत सुटली. शेजारच्या बाईंना सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, फिजिओला तर दारातच सांगितलं. "पास झाली होती, बरं का. हिनंच नको म्हटलं. आमच्याकडे हातभर दोरीवर भागत नाही." कप्तान आतून ओरडायची, "आई, पुरे," आणि आई आवाज आणखी वाढवायची.

पण पुढचा महिना येणार होता आणि पायाला अचानक काही करायला शिकवायचं कसं, ते कुणालाच सुचत नव्हतं. फिजिओनं टाळी वाजवून पाहिली, पण ती टाळी वाजवण्याआधी श्वास घ्यायची आणि कप्तानला तो ऐकू यायचा. नवी रेकॉर्ड आणावी तर दोनदा ऐकली की कप्तानला पाठ. शेवटी एका सकाळी ती प्लेअरकडे बघत बसलेली असताना तिच्या मनात जे आलं ते आईला सांगायला तिला दुपार लागली.

"आई, तू इथे बस. मी पेडलवर बसते. गाणं चालू असताना तू सुई उचलायची. कधीही, मला न सांगता. गाणं थांबलं की मी ब्रेक दाबणार."

आईनं हातातले मटार खाली ठेवले. "मध्येच?"

"मध्येच."

"म्हणजे अर्धी दाढी."

"हो."

"बटण बंद करते त्यापेक्षा."

"बटणानं गाणं घसरत घसरत थांबतं. पायाला आधीच कळतं. सुईच हवी."

आई प्लेअरशेजारी येऊन बसली. कप्तानने टोपीवाला लावला आणि पाठ फिरवून पेडलसमोर बसली. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर मागे खुर्ची करकरली आणि पुन्हा शांत झाली. चौथं, पाचवं. बाजू संपली, खर्र-खट सुरू झालं. कप्तानने वळून पाहिलं. आईचा हात सुईच्या वर, हवेत तसाच होता.

"नाही जमत गं," आई म्हणाली. "ते मागे उभे आहेत असं वाटतं."

कप्तान उठली, रेकॉर्ड पुसली, कव्हरमध्ये घातली. त्या दिवशी दोघींनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःच येऊन बसली. "लाव." कुठली लावू, असं कप्तानने विचारलं. "टोपीवालाच. उगीच सोपं कशाला करायचं." दुसरं गाणं चालू होतं, बाबांचं सगळ्यात आवडतं, ज्याच्या मध्यावर ते वस्तरा बाजूला ठेवून आरशात स्वतःशीच मान हलवायचे. बरोबर तिथे, ओळीच्या अर्ध्यात, आईनं सुई उचलली.

खोलीत काहीही नव्हतं. त्या जागी कप्तानने आजवर कधी शांतता ऐकलीच नव्हती. ती तशीच बसून राहिली.

"दाब की," आई म्हणाली. आवाज जरा फाटला होता. "मी काय हौस म्हणून उचलली?"

कप्तानने पेडल दाबलं. मग आईनं सुई पुन्हा टेकवली, आणि गाणं होतं तिथूनच सुरू झालं, ओळीच्या उरलेल्या अर्ध्यापासून. हे बाबांनाही कधी जमलं नव्हतं. त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

आईचा हात एकदा मोकळा झाला आणि मग तिला आवरणं कठीण झालं. ती मटार सोलता सोलता उचलायची. कप्तानशी बोलता बोलता, प्रश्न विचारून उत्तराच्या मध्येच उचलायची. कधी अख्खी बाजू जाऊ द्यायची आणि शेवटच्या सुराला उचलायची. कधी उचलून, टेकवून, लगेच पुन्हा उचलायची. "रस्त्यावर एका वेळी एकच माणूस आडवं येतं की काय?" पाय सुरुवातीला चुकायचा, उगीच दाबायचा, घाबरायचा. हळूहळू त्यानं वाट बघणं सोडलं. गाणं चालू असताना कप्तान आता ऐकायची, पण कशावर विसंबायची नाही. थांबलं की पाय खाली गेलेला असायचा. आपण तो कधी पाठवला ते तिला कळायचं नाही. पूर्वी रस्त्यावरही कळत नसे.

संध्याकाळी मात्र त्या दोघी हात धुऊन बसायच्या आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या, दोन्ही बाजू. त्या वेळी सुईला कुणी हात लावायचा नाही. दिवसभर मोडलेलं संध्याकाळी भरून द्यायचं, असं आईनं ठरवलं होतं. निळी संपत आली की कप्तान पाय पलंगावर सरळ करून डोळे मिटायची. पुढचा सूर आधी ऐकू यायचा, आणि मग तो यायचा. दिवसभर कशाचाही भरवसा न धरता बसलेल्या पायाला तेवढी विश्रांती पुरत असे.

पुढच्या महिन्यात साहेब तेच होते, बस तीच होती, पटांगणात मात्र गर्दी होती. कंडक्टरनं डेपोभर केलं होतं. वर्कशॉपचे लोक हात पुसत कडेला उभे होते. आईची चार माणसं तिच्या नकळत जमली होती.

साहेब दारात बसले. गाडी निघाली, वेगात आली. कप्तानने या वेळी मनात काही वाजवलं नाही.

"आई काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं. "त्या दिवशी बाजारात भेटल्या होत्या. माझ्याकडे असं काही बघितलं त्यांनी, जणू मीच तुम्हाला नापा—"

थाप पडलीच असेल, कारण गाडी उभी होती. साहेब दाराच्या दांडीला लोंबकळत होते आणि अर्धा चुना त्यांच्या पँटवर होता. इंजिन घरघरत होतं.

साहेब उतरले. पांढऱ्या डागाशी दोरीचं टोक पायानं दाबलं आणि चाकापर्यंत आले. मग उरलेली दोरी हातावर गुंडाळायला लागले. एक वेढा, दुसरा, आणखी. गुंडाळता गुंडाळता त्यांनी वर कप्तानकडे पाहिलं. तिनं मान हलवली. एवढी तिला मान्य होती.

"लिहू आता?" साहेबांनी विचारलं.

"लिहा."

"मेहरबानी," साहेब म्हणाले आणि पँट झटकत ऑफिसकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या गाडीवर चढली. तिच्या जागेवर आलेल्या त्या उंटासारख्या उंच ड्रायव्हरनं सीट पार मागे सरकवली होती, इतकी की तिथून पेडल म्हणजे शेजारचं गाव वाटावं. आरसे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेले, तिला त्यात नुसतं आभाळ दिसत होतं.

"सांगितलं होतं त्याला, कप्तानची सीट हलवू नकोस," कंडक्टर मागून म्हणाला. "म्हणाला, कप्तान आता कुठे येतायत."

"त्याला काय माहीत," कप्तान म्हणाली.

ती खाली वाकली, सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली, एक खाच, आणखी एक खाच, उजवा पाय न ताणता पेडलवर सपाट पडेपर्यंत. दांडा सोडला तेव्हा सीट खटकन बसली. मग तिनं आरसे खाली वळवले, त्यात मागची सगळी गाडी दिसू लागली, दारात चढणारी माणसं दिसू लागली, आणि ती चढून होईपर्यंत कप्तान ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिली.